बहिरं पिल्लू

११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच बाजूला सारलं नसशील, अशी आशा धरून लिहिते आहे. मी ठीक आहे. भाऊजींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या लेकीची परीक्षा एव्हाना आटोपली असेल. फोन करणार होते, दोनदा नंबर लावलाही. पण फोनवर मला नुसतं गप्प बसता येतं आणि तुला फोन ठेवता येतो. कागदाचं बरं असतं.

आई गेली त्याला नऊ महिने झाले आणि आपल्या अबोल्यालाही तेवढेच. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आजची बातमी वेगळीच आहे. मी कुत्र्याचं पिल्लू आणलंय.

हस, हस. शेजारचा कुत्रा नुसता शिंकला तरी तुझ्या पाठीमागे लपणारी मी, आणि माझ्या पायाशी आत्ता एक कुत्रा घोरतो आहे.

झालं असं की आईची पांघरुणं आणि चादरी द्यायच्या होत्या. धुवून, घडी करून सहा महिने खुर्चीवर पडून होत्या. कोणीतरी म्हणालं, प्राण्यांच्या शेल्टरमध्ये द्या, त्यांना लागतातच. म्हणून गेले. तिथल्या बाईंनी गाठोडं घेतलं, आभार मानले आणि मला सहज म्हणून एका खोलीत नेलं. खोक्यात सहा पिल्लं होती. बाईंनी टाळी वाजवली तशी पाच जणं एकमेकांना तुडवत कडेशी आली. सहावं तसंच पाठ करून बसलेलं, खोक्याच्या कोपऱ्याकडे बघत.

"ते बहिरं आहे," बाई म्हणाल्या. "जन्मापासून. म्हणून त्याला कोणी नेत नाही."

मी म्हटलं, "मला चालेल."

"अहो, नीट विचार करा. हाक मारून येणार नाही. रस्त्यावर सुटलं तर गाडी ऐकू येणार नाही."

मी त्यांना सांगितलं की माझं काम घरातच चालतं, दिवसभर पॉलिशच्या मशीनचा आवाज असतो, कान असलेलं कुत्रं एक दिवस टिकायचं नाही. हे खरंच आहे. बाईंना पटलं. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला. घरात आणखी कोण असतं, असा एक प्रश्न होता. मी लिहिलं, कोणी नाही.

दिसायला म्हणशील तर तीन निरनिराळ्या कुत्र्यांचे उरलेले तुकडे जोडून केल्यासारखा आहे. अंग लांब, पाय आखूड, एक कान उभा, एक पडलेला. डोकं सगळं पांढरं, पाठ करड्या ठिपक्यांची आणि एक डोळा निळा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, अशा पांढऱ्या डोक्याच्या, निळ्या डोळ्याच्या पिल्लांत बहिरेपण बऱ्याचदा असतं. कुठली जात, विचारलं तर म्हणाल्या, "जेवढ्या म्हणाल तेवढ्या." नाव ढब्बू ठेवलंय. ठेवून उपयोग काय, ऐकू कुठे येतं, पण मला तरी काहीतरी म्हणावं लागतंच.

त्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा. पायाखाली थरथर लागली की बघतो. लांब असला तर टॉर्च चमकवायची. तळवा खाली केला की बसायचं, बोटं हलवली की जवळ यायचं, एवढं पंधरा दिवसांत शिकलाय. माझी एक चप्पल संपवली आणि टेबलाचा एक पाय अर्धा केला. कामाला मात्र जराही त्रास नाही. तुला माहीतच आहे माझं. लोकांच्या कानांचे ठसे दवाखान्यांतून डब्यांत भरून येतात, ते बघून कानाच्या मशीनचे कानात बसणारे मोल्ड ओतायचे, घासायचे, चकाकवायचे. चाक फिरायला लागलं की शेजारी दार लावून घेतात, आणि हा चाकाखाली पाय पसरून झोपतो.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. रोज चार वाजून दहा मिनिटांनी हा उठतो. कितीही गाढ झोपलेला असो. आधी डोकं उचलतो, मान वाकडी करतो, मग शेपूट हलवत मागच्या खोलीकडे जातो आणि बंद दारासमोर बसतो. आईच्या खोलीकडे. पाच-दहा मिनिटं बसतो आणि परत येऊन झोपतो. मशीन चालू असलं तरी, बंद असलं तरी. आधी वाटलं भूक लागत असेल, पण खाणं त्याचं सहाला असतं.

खोली बंदच असते. सामान आहे थोडं.

तू जनावरांबद्दल माझ्याहून जास्त वाचतेस. काय असेल गं?

उत्तर पाठवायचं नसलं तर नको पाठवू, पण हे फाडू नकोस.

तुझी,
ठकी


५ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "चार वाजून दहा मिनिटांनी काय झालं होतं?" वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. तुझं अक्षर मात्र अजून तसंच, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.

त्यावर येते. आधी ढब्बूचं सांगू दे, कारण तुला लिहिलं तेव्हा मी त्याला गंमत म्हटलं होतं. आता म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या लसीची वेळ होती. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. बाई हसऱ्या आहेत, कशालाच बिचकत नाहीत. म्हणाल्या, "थोडंफार ऐकू येत असेल त्याला. तुमच्याकडे येऊन बघते." गुरुवारी साडेतीनला आल्या. येताना एक घंटा आणि शिट्टी आणली होती. ढब्बू झोपलेला असताना त्याच्या डोक्यामागे घंटा वाजवली. शिट्टी वाजवली, माझेच कान दुखले. शेवटी स्वयंपाकघरातलं ताट घेऊन त्यांनी लोखंडी पट्टीने बडवलं, तेही हातात उचलून धरून, जमिनीला हादरा बसू नये म्हणून. त्याच्या कानाचं टोकही हललं नाही.

"ठार बहिरा," बाई म्हणाल्या. "मग पायाखालचं काही असणार. पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरचं काहीतरी. रोज ठरल्या वेळी सुरू होत असेल."

म्हणून त्याला जमिनीवर ठेवायचंच नाही असं ठरलं. मी मशीन बंद केलं, खुर्चीत बसले, मांडीवर उशी घेतली आणि उशीवर त्याला. बाई समोर चहा घेऊन बसल्या. त्यांच्या कुत्र्याच्या गोष्टी सांगत होत्या, कसा सगळे मोजे पलंगाखाली नेऊन लपवतो वगैरे. मी घड्याळाकडे पाठ केली होती. बघायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्याकडून काही खूण जात असेल, मीच ताठ होत असेन, असंही वाटायचं ना.

बाईंचं वाक्य अर्ध्यात थांबलं. त्याच क्षणी ढब्बूचं अंग माझ्या हाताखाली कडक झालं. डोकं वर. मान वाकडी. आणि मग शेपूट. ताई, भीती वाटली म्हणून उठलेलं जनावर वेगळं असतं. हा ओळखीच्या माणसाने हाक मारल्यावर उठतात तसा उठला. मी दोन्ही हातांनी धरलं तर धडपडायला लागला, माझ्याकडे बघून बारीक रडला, आता जाऊ दे ना, अशा सुरात. सोडल्याबरोबर धावला. मागून दारावर नखं घासल्याचा आवाज आला.

बाईंनी घड्याळ बघितलं, मग मला विचारलं, "त्या खोलीत कोण असतं?"

"कोणी नाही. आईची खोली. फेब्रुवारीत गेली."

"तुम्ही उघडत नाही का?"

"सामान आहे," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. दाराशी जाऊन चपला घालताना म्हणाल्या, "उघडून बघा एकदा. त्याच्यासाठी म्हणून तरी." एवढं बोलल्या आणि गेल्या. घंटा इथेच विसरल्या आहेत, अजून न्यायला आलेल्या नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज लिहायला बसले होते. तीन वेळा लिहून खोडलं, तू कागदावर बघशीलच, मी नवा घेतला नाही. उद्या खोली उघडते. मग लिहिते.

ठकी


१३ डिसेंबर

प्रिय ताई,

उद्या म्हणता म्हणता पाच दिवस गेले. दहा तारखेला उघडली.

आई गेली तेव्हा तू आलीस त्या दिवशी होती तशीच आहे. पलंग, खिडकीजवळचं स्टूल, औषधांचा डबा. कोंदट वास असेल असं वाटलं होतं, तर वास कसलाच नव्हता. धूळसुद्धा पलंगाच्या एका कडेला नव्हती. उशाशी, डाव्या बाजूला, वीतभर जागा अशी होती की जणू कुणाचा हात रोज तिथे टेकतो. मी ते बघून घेतलं आणि दार उघडं ठेवून कामाला बसले.

चार वाजून दहा मिनिटांनी ढब्बू उठला. मी मागोमाग गेले. आज दार उघडं बघून तो जरासुद्धा थबकला नाही, सरळ आत गेला आणि पलंगाच्या डाव्या कडेला बसला. डोकं खाली घातलं. तुला माहीत आहे कुत्री कशी डोकं खाली घालतात ते, कोणी हात पुढे केला की. आणि मग त्याच्या डोक्यावरचे केस दबले.

वाऱ्याने उडतात तसे नाही. खिडकी बंद होती. दबले, मागे सरकले, सुटले. पुन्हा दबले, मागे सरकले. उभा कान प्रत्येक वेळी आडवा होऊन पुन्हा उभा राहत होता. तो डोळे मिटून बसला होता. आई आपल्या डोक्यावरून हात फिरवायची तो कसा फिरवायची, आठवतं? कपाळापासून मागे, थोडा जोर लावून, केस चापूनचोपून बसवायचे असल्यासारखा. तू म्हणायचीस, आई, डोकं आहे, कणीक नाही.

मी दारात उभी होते. पाय आत पडेना. आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते, कारण आता लपवण्यात काही राहिलेलं नाही. मला भीती वाटली नाही. मला राग आला. दहा महिने मी इथे आहे, आणि हात त्याच्या डोक्यावर.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तू दर रविवारी फोन करायचीस. आईला फोन कळेनासा झाला होता, म्हणून मला विचारायचीस, माझी आठवण काढते का गं? मी म्हणायचे, नाही, तिला आता कोणाचंच नाव आठवत नाही. सहा-आठ महिने तू विचारत राहिलीस, मी तेच सांगत राहिले. मग तुझे फोन कमी झाले. मग बंदच झाले. तू दूर आहेस म्हणून विसरली, असं तुला वाटलं असणार, आणि मी वाटू दिलं.

ताई, ती दोन वर्षं दिवसभर तुझंच नाव घेत होती. सकाळी डोळे उघडले की "छबे." पाणी हवं तर "छबे, ए छबे." मी अंग पुसायचे, कूस बदलायचे, भरवायचे, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, छबे, दमलीस गं. सुरुवातीला मी सांगायचे, आई, मी ठकी. तिचा चेहरा असा व्हायचा की जणू परक्या बाईने घरात पाऊल टाकलंय. मग मी सांगायचं सोडलं. तुझ्या नावाने हाक आली की मी ओ द्यायचे. तिला आठवत होतं ते एकच नाव होतं आणि ते तुझं होतं. ते फोनवरून तुझ्या हातात द्यायला माझं मन झालं नाही. तिला सांभाळायला मी आणि आठवायला तू. तेवढं एक माझ्याजवळ दाबून ठेवलं.

त्या दिवशी मी एका लहान मुलीच्या कानाचा मोल्ड करत होते. साडेचारला दवाखान्याचा माणूस न्यायला येणार होता. काम शेवटच्या हाताला आलं होतं. तेवढ्यात मागून हाक आली.

"ठके."

मी मशीनच्या पेडलवरचा पाय उचलला. चाक थांबलं. घड्याळ समोरच होतं. मला वाटलं आपल्याला भास झाला. पुन्हा आली, स्वच्छ, पूर्वी अंगणातून जेवायला बोलवायची त्या आवाजात. "ठके, ए ठके."

दोन वर्षांनी माझं नाव. धावत जायला हवं होतं ना? कोणीही गेलं असतं. माझ्या मनात काय आलं माहीत आहे? आलं की, आता आठवले का मी. बसू दे थोडा वेळ. कळू दे हाक मारून कोणी आलं नाही की कसं वाटतं.

आणि मी पाय पुन्हा पेडलवर ठेवला. तिसरी हाक आली असेल तर ती मशीनने खाल्ली. मुद्दाम खाऊ दिली.

मोल्ड पूर्ण केला. माणूस येऊन घेऊन गेला. मी हात धुतले. पाचला आत गेले. ती झोपेत नव्हती गेली, ताई. डाव्या कुशीवर, अर्धी उठलेली, एक हात पलंगाबाहेर, दाराकडे केलेला. मी तिला सरळ केलं. हात आत घेतला. डोळे मिटले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि मग डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, दुपारी झोपली होती, झोपेतच. तू स्वयंपाकघरात उभी राहून विचारलंस, शेवटी काही बोलली का, कोणाला हाक मारली का. तुलाही तेच सांगितलं, आणि वर फोन बंद केल्याचं बोलून दाखवलं, तिथून आपला अबोला.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ उठून फिरत होते. आता पुढचं.

काल चारला मशीन बंद केलं आणि ढब्बूच्या आधी जाऊन पलंगाशी जमिनीवर बसले. तो आला, माझ्या शेजारी बसला, डोकं खाली घातलं. मला काही ऐकू आलं नाही. मी कान देऊन बसले होते, रक्त कानात वाजेपर्यंत. काहीच नाही. त्याचा कान आडवा झाला तेव्हा मी म्हटलं, "ओ, आई. आले."

केस दबायचे थांबले. त्याने डोळे उघडले आणि आधी माझ्या डोक्याच्या वर, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्याला काही लागलं का ते मी सांगणार नाही. तुला खरं वाटणार नाही, आणि मलाही खात्री देता यायची नाही. मी तिथे दिवे लागेपर्यंत बसून होते एवढं खरं.

आज मी पुन्हा आत जाऊन बसले. चार वाजून दहा झाले. ढब्बू आला नाही. पुढच्या खोलीत बघितलं तर झोपलेलाच होता. मला वाटलं, संपलं. हलकं वाटलं म्हण, आणि रडूही आलं. चाक सुरू केलं.

साडेचारला उठला. डोकं वर केलं, मान वाकडी. शेपूट हलवलं नाही. मागे गेलाच नाही तो. माझ्या पायांवरून पुढे गेला आणि बाहेरच्या दाराशी जाऊन बसला, तोंड रस्त्याकडे करून. कोणी येणार असल्यासारखा. दर थोड्या वेळाने मागे वळून आईच्या खोलीकडे बघतो, कोणी पुन्हा सांगितल्यासारखा, आणि पुन्हा दाराकडे तोंड करतो. मी बोटं हलवली, पाय आपटला, खाणं पुढे ठेवलं. आता सात वाजून गेले आहेत. खाल्लं नाही, हललाही नाही.

मला हाक ऐकू येत नाही. पण ती कोणाला आहे, एवढं कळतं मला. दोन वर्षं ऐकलीय मी ती.

माझ्यावर रागव, हवं ते बोल, परत तोंड बघू नकोस, माझी हरकत नाही. मी तुला अडवणार नाही, हवं तर तू असेपर्यंत बाहेर जाऊन बसेन. दाराला कडी लावलेली नाही. तू ये आणि एकदा ओ दे.

तुझ्या नावाला दोन वर्षं ओ देत राहिलेली,
ठकी